तिन्ही दुर्बिणी धूसर

मुलीच्या नेमबाजीच्या पॉइंट टू टू रायफलीसाठी मी सुरतेतल्या एका दुकानात दुर्बीण निवडत होते. तिन्ही दुर्बिणींतून तिला धूसर दिसत होतं. "नीट बघ गं!" मी ओरडले.

शेजारी एक गिऱ्हाईक उभं होतं. हिऱ्याचा कारागीर असावा, खिशातून भिंग डोकावत होतं. त्याने तिन्ही काचा उजेडाकडे धरून, मान तिरकी करून न्याहाळल्या. मग मुलीला म्हणाला, "बेटा, आता डाव्या डोळ्याने बघ."

"स्वच्छ दिसतंय!"

"बेन, हिऱ्यात खोट काढण्याआधी आम्ही डोळा बदलून बघतो. हिचा उजवा डोळा डॉक्टरांना दाखवा."

मी हबकलेच. नेम चुकला की वर्षभर मी तिला आळशी म्हणत होते. दुर्बीण तशीच ठेवून आम्ही डोळ्यांच्या दवाखान्याची रिक्षा पकडली.

"आई," ती म्हणाली, "मला वाटायचं, सगळ्यांना असंच दिसतं."