भेगेवरची पट्टी

२०१८ची दिवाळी सरली आणि तलासरीकडे जमीन हलायला लागली. पहिल्या धक्क्याला मी मुलांच्याही आधी शाळेच्या मैदानात पोचले होते. पुढे सवय झाली. धक्का आला की खडू थांबवायचा, गेला की पुढचं वाक्य लिहायचं. भीती वाटेनाशी झाली आणि तिच्याबरोबर बाकीचंही बरंच काही वाटेनासं झालं. संध्याकाळी मी मसोलीला घरी जायचे. पाड्यावरची माणसं अंगणात ताडपत्रीखाली झोपायची.

चौथीला भूकंप शिकवायचा, तर आमच्याच वर्गाच्या भिंतीला खिडकीपासून खाली भेग गेली होती. मग पुस्तक मिटलं. भेगेवर कागदाची आडवी पट्टी चिकटवायची. भेग रुंदावली तर पट्टी फाटते. डिंक नव्हता, पोरांनी दुपारच्या खिचडीचा भात चोळून ती चिकटवली. रोज कुणीतरी बघून सांगायचं, "नाय फाटली, बाई." तपासणीला आलेल्या साहेबांनी पट्टीचा फोटो काढला, उपक्रम छान आहे म्हणाले. भिंतीबद्दल काही बोलले नाहीत. मीही विचारलं नाही.

वर्गातल्या एका मुलीच्या घरी नुकतंच विटांचं घरकुल झालं होतं. त्यालाही भेग पडली होती, तिने तिथेही पट्टी लावली. थंडी वाढली तसा तिचा धाकटा भाऊ ताडपत्रीखाली खोकून बेजार झाला. एका सकाळी हजेरी चालू असताना त्याला कडेवर घेऊन तिची आई वर्गाच्या दारात आली.

"बाई, पट्टी फाटली नाय. आता आमी आत निजू ना?"

मी तर नुसता धडा घेतला होता, आणि ही त्याच्या भरवशावर पोरांना घरात निजवायला निघाली होती.

"नको," मी म्हटलं. "भेग वाढली नाही, एवढंच त्यातून कळतं. मोठा धक्का आला तर भिंत राहील की पडेल, ते पट्टी सांगत नाही. बाहेरच झोपा."

तिने मान हलवली. मग आमच्या भिंतीकडे बघितलं. पट्टीच्या खालीच तिची मुलगी बसली होती.

"मग हिला आत कशाला बसवता?"

तिचा आवाज चढलेला नव्हता. तिला खरंच माहीत करून घ्यायचं होतं.

मी मुलांना बाहेर काढलं, चटया आंब्याखाली टाकल्या आणि राहिलेली हजेरी घ्यायला लागले. हात इतके कापत होते की पेन धरवेना. मुलं माझ्या हातांकडे बघायला लागली.

"जमीन हलली का, बाई?" कुणीतरी विचारलं.

"नाही," म्हटलं आणि पुढचं नाव घेतलं.