फुटाणे सांडले की एक चक्कर

"बॅटिंग भेटली का रे?"

मैदानाच्या कडेला उभ्या असलेल्या पोराला सर हा प्रश्न अशा काही मायेनं विचारत, की वाटावं घरची आईच 'जेवलास का' म्हणून विचारते आहे. पोरगं नुसती मान हलवी.

"कवापासून उभा हायस?"

"जेवून आल्यापासून."

"मग चल की. आपल्याकडं समद्यांना बॅटिंग हाय."

आणि सर त्याला हाताला धरून मैदानाच्या दुसऱ्या टोकाला घेऊन जात. तिथं बॅट नसे, फुटबॉल असे. पोराच्या ते लक्षात येईपर्यंत तो दोनदा बॉलमागं धावलेला असे.

संध्याकाळी तुमच्या गावच्या मैदानावर गेला असाल तर हे पोरगं तुम्हीही पाहिलं असेल. ज्याची बॅट, त्याची पहिली बॅटिंग. मग त्याच्या भावाची, मग भावाच्या दोस्ताची. बाकीच्यांनी बाभळीच्या काट्यांतून बॉल काढून आणायचा. अंधार पडला की यांची बॅटिंग उद्यावर जाते आणि तो उद्या काही केल्या उजाडत नाही. सरांनी जिंतूरला फुटबॉलचा संघ उभा केला तो या उद्यावर ढकललेल्या पोरांमधून.

मी हे सगळं गल्ल्यावर बसून बघत असे. माझं फुटाण्या-मुरमुऱ्यांचं दुकान मैदानाच्या बरोबर समोर आहे. मी पक्का क्रिकेटवाला. तरुणपणी गावच्या टेनिस बॉल संघाचा कप्तान होतो, ही माहिती मी गिऱ्हाइकाला फुटाण्यांबरोबर फुकट देतो. सर शाळेत खेळाचे शिक्षक म्हणून आले, तेही तासिका तत्त्वावर, म्हणजे जेवढे तास तेवढाच पगार. दुकानामागची माझी खोली त्यांनी भाड्यानं घेतली. सामान म्हणाल तर एक वळकटी, एक स्टोव्ह आणि जाळीत बांधलेले तीन बॉल. जाळी खुंटीला अडकवता अडकवता ते म्हणाले, "अण्णा, मला हेड कोच व्हायचंय."

"कशाचा?"

"फुटबॉलचा."

"जिंतुरात? त्यापरीस येलदरीच्या धरणात जहाज चालवा की."

सर रागावले नाहीत. ते रागावतच नसत, हा एक त्यांचा मोठा दोष होता. बुटका, रुंद माणूस, हसला की डोळे पार मिटून जात. म्हणाले, "एकदम कोण करतंय मला? खालून वर जायचं असतंय."

खालून म्हणजे किती खालून, ते लवकरच कळलं. परभणीला कुठंही स्पर्धा असली की सर पहाटेच्या एसटीनं जात आणि मैदानावर फक्की मारत. फक्की म्हणजे मैदानाच्या रेषा आखायची पांढरी पूड. त्यांचं म्हणणं, फक्की मारणाऱ्याला गेटवर कोणी अडवत नाही, मॅच आतून बघायला मिळते आणि वर चहाही मिळतो. संध्याकाळी भुवयांपर्यंत पांढरे होऊन परत येत. आमच्या घरात बरेच दिवस समज होता, की सर शाळा सुटल्यावर पिठाच्या गिरणीत काम करतात. फक्कीवरून ते लाइन्समनच्या झेंड्यावर गेले आणि झेंड्यावरून शिट्टीवर. प्रत्येक बढतीला मला पेढा मिळे. शिट्टीच्या वेळी तर त्यांनी ती दुकानात एवढ्या जोरात वाजवून दाखवली की भट्टीवरचा माणूस कढई सोडून बाहेर आला.

मग आली संघाची पहिली मॅच, पालमला. ही मॅच बघायला मी गेलो नव्हतो, पण त्या दिवशी काय झालं ते पोरांनी मला इतक्या वेळा सांगितलंय की आता मी स्वतः पाहिल्यासारखंच सांगतो. पोरांची वर्षं गेली होती बॉल अडवण्यात. पण हातानं. समोरच्या संघानं पहिलाच बॉल उंच मारला. आमचे चौघं एकदम "माझा, माझा" ओरडले आणि सगळ्यात लांब पोरानं धावत येऊन आमच्याच गोलासमोर झकास कॅच घेतला. नुसता घेतला नाही, तर बॉल वर उडवून पंचाकडं आऊट मागितलं. पंचांनी पेनल्टी दिली. त्यानंतर पेनल्ट्यांची रांगच लागली. हरून पोरं शेवटच्या एसटीनं परत आली.

दुसऱ्या दिवशी सर दुकानात आले. "अण्णा, फुटाणे द्या. मोठी पिशवी भरून."

मला वाटलं, हरल्याचं दुःख माणूस खाण्यात बुडवतोय. तसं नव्हतं. संध्याकाळी त्यांनी पोरांना ओळीत उभं केलं आणि प्रत्येकाच्या दोन्ही मुठींत फुटाणे भरले. "मुठी मिटून खेळायचं. खेळ संपेस्तोवर उघडायच्या न्हाईत. शेवटाला जितके ऱ्हातील तितके खायचे. सांडले की एक चक्कर."

चक्कर म्हणजे अख्ख्या मैदानाची. थ्रो करायचा असेल, म्हणजे रेषेबाहेर गेलेला बॉल हातानं आत फेकायचा असेल, तर फुटाणे तोंडात टाकायची परवानगी होती, त्यामुळे थ्रो घ्यायला झुंबड उडे. गोलकीपरला हात लागतात म्हणून त्याला फुटाणे नसत, तो बिचारा बाकीच्यांच्या मुठींकडं बघत गोलात उभा राही. लांबून बघणाऱ्याला वाटे, ही पोरं खेळत नाहीत, मारामारीच्या तयारीनं धावतायत. आणि खेळ संपल्यावर ते घामानं खारे झालेले फुटाणे अशी चव घेऊन खात, की माझ्या भट्टीचा माल असूनही मला ते बघवत नसे.

त्या पोरांत माझा ओंकारही आहे, हे मला फार उशिरा कळलं; लांबून धुळीत सगळी पोरं सारखीच दिसत आणि तो दुकानाच्या बाजूला फिरकतच नसे. मला वाटत होतं, कप्तानाचा मुलगा, क्रिकेटमध्ये पहिल्या नंबरला खेळत असेल. एके दिवशी तो जेवायला बसला तरी मुठी मिटलेल्याच. आईनं विचारलं तर म्हणाला, "सवय लागलीय." मग सगळं बाहेर आलं. त्यालाही कधी बॅटिंग भेटलेली नव्हती, आणि ते बापाला सांगायची लाज वाटत होती. मी उठून सरांच्या खोलीत गेलो आणि उद्यापासून फुटाणे माझ्याकडून, एवढं बोलून परत आलो.

पुढची पायरी लायसन्सची होती. हेड कोच व्हायचं तर नुसती शिट्टी चालत नाही, कोर्स करून परीक्षा पास व्हावी लागते. सर पुण्याला गेले. जाताना इस्त्रीचा शर्ट, कपाळाला गंध, पिशवीत दशम्या. परत आले ते थेट माझ्या दुकानाच्या पायरीवर बसले.

"काय झालं सर?"

"लेखीत पास हाय."

"मग?"

"मैदानात खेळून दाखवायलो होतो. मागून उंच बॉल आला." सरांनी आपले दोन्ही तळहात बघितले. "कॅच घेतला मी, अण्णा."

मला हसू फुटलं, आणि सरांचं तोंड बघून ते तिथंच विरलं.

"राणीसावरगावला मी सीमारेषेवर उभा राहूनच मोठा झालोय," ते म्हणाले. "सोयाबीनच्या धसकटात. दहावीपतूर एक ओव्हर बॅटिंग न्हाई भेटली. परीक्षक म्हणले, चुकून झालं असंल. चुकून न्हाई हो झालं, हात आपोआपच गेले."

मला फार वाईट वाटलं. इतकी वर्षं हा माणूस प्रत्येक पोराला जे विचारत होता, ते त्याला लहानपणी कोणीच विचारलं नव्हतं. मी आत भट्टीपाशी गेलो. कढईतले गरम फुटाणे काढले आणि त्यांच्यापुढं धरले. त्यांनी ते खाल्ले नाहीत. दोन मुठी भरून घेतल्या आणि खोलीत गेले.

तिथून पुढं सरांच्या मुठी उघड्या दिसणं बंद झालं. शाळेत जाताना मुठी, बाजारात मुठी. मुख्याध्यापिका बाईंना त्यांनी मिटल्या मुठींनी नमस्कार केला तेव्हा बाई दोन पावलं मागं सरकल्या म्हणे. एकदा लग्नाला निघालेले, कडक पांढरे कपडे, आणि मैदानातून कोणाचा तरी बॉल उडत आला. सरांचे हात वर गेले. फुटाणे रस्त्यावर सांडले. सरांनी खांद्याला अडकवलेली अहेराची पिशवी माझ्याकडं दिली, चपला काढल्या आणि त्या कपड्यांत अख्ख्या मैदानाला चक्कर मारून आले. पोरं खेळायची थांबली होती. कोणीही हसलं नाही. मी हसलो, पण दुकानात आत जाऊन.

दुसऱ्या खेपेला ते पास झाले. आणि लायसन्स घरी पोचतं न पोचतं तोच कोल्हापूरच्या एका निवासी क्रीडाशाळेतून फोन आला. फुटबॉलचा हेड कोच पाहिजे.

सर दुकानासमोर बराच वेळ उभे होते. मैदानावर पोरं आपापली सुरू झालेली. ओंकार तेव्हा नुकताच डाव्या पायानं मारायला शिकला होता.

"अण्णा, जाऊ का?"

खरं सांगतो, तोंडावर 'नका जाऊ' आलं होतं. तुम्ही गेलात तर यांना बॅटिंग कोण देणार, हेही आलं होतं. पण मी म्हणालो, "भुवया पांढऱ्या करून घेतल्या त्या काय माझ्या खोलीचं भाडं भरायला? जा." आणि आत येऊन मुरमुरे मागणाऱ्या बाईला शेंगदाणे बांधून दिले.

ते निघाले त्या सकाळी पोरं एसटी स्टँडवर आली. प्रत्येकाच्या दोन्ही मुठी मिटलेल्या. सर खिडकीत बसले, गाडी हलली, त्यांनी हात बाहेर काढून हलवला. पोरं तशीच उभी.

"टाटा तरी करा रे," सर ओरडले.

"मूठ उघडायची न्हाई, सर," ओंकार म्हणाला. गाडी वळेपर्यंत एकाही पोराचा हात वर गेला नाही.

पुढच्या वर्षी नांदेडला मोठी स्पर्धा झाली. आमच्या शाळेत नवे आलेले सर व्हॉलीबॉलचे, पण भला माणूस, संघ घेऊन निघाले. पालक म्हणून मीही फुटाण्यांची पिशवी घेऊन गेलो. पोरं बाद न होता पुढं सरकत गेली आणि अंतिम सामन्यात समोर आलं कोल्हापूर.

सर निळ्या ट्रॅकसूटमध्ये होते, पाठीवर ठळक अक्षरांत 'हेड कोच'. मला बघून डोळे मिटेपर्यंत हसले. पोरांच्या पाठीवरून हात फिरवला, पण मॅच होती, जास्त बोलले नाहीत. मला मात्र बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "अण्णा, दोन मुठी द्या. तिकडं असे भेटत न्हाईत."

कोचला उभं राहायला फक्कीनं चौकट आखलेली असते, त्याबाहेर यायचं नसतं. सर त्या चौकटीत मुठी आवळून उभे राहिले. त्यांच्या पोरांनी आमच्यावर एक गोल केला, मग दुसरा, मग तिसरा. प्रत्येक गोलला बाकावरची मंडळी नाचली. सर जागचे हलले नाहीत. एवढ्या दिवसांत माणूस पक्का झाला, असं मी मनात म्हणालो.

आणि शिट्टी वाजायला थोडाच वेळ उरला असताना बॉल ओंकारच्या डाव्या पायावर आला. त्यानं वर न बघताच मारला. जाळी हलली.

मी ओरडायच्या आधी समोर बघितलं. कोल्हापूरच्या हेड कोचचे दोन्ही हात आभाळात होते. फुटाणे त्यांच्या डोक्यावरून, पाठीवरच्या अक्षरांवरून चौकटभर सांडत होते. त्यांचा गोलकीपर वळून आपल्या सरांकडं बघतच राहिला. सरांनी हात पटकन खाली घेतले आणि टोपी नीट केली.

मॅच संपली. आम्ही हरलो. त्यांची पोरं कपभोवती नाचायला लागली, फोटोसाठी हेड कोचला हाका मारायला लागली. हेड कोच जागेवर नव्हते. निळा ट्रॅकसूट मैदानाच्या कडेकडेनं पळत होता, एकटाच, जरा धापा टाकत. तिथल्या कोणालाच कळेना काय चाललंय. आमची पोरं मात्र उठून रेषेला लागून उभी राहिली.

माझ्यासमोरून जाताना ते न थांबता म्हणाले, "सांडले, अण्णा."

"बघितलं," मी म्हणालो.

ते पोरांपाशी पोचले. खेळ संपला होता, आता मुठी उघडायला हरकत नव्हती. पोरांनी हात वर केले आणि सर वळणापलीकडं जाईपर्यंत हलवत राहिली.