अशिलानं हात जोडले

मंडळी, वीस वर्षांपासून नांदेडच्या अदालतीत वकिली करतोय. दिवाणी, फौजदारी, जमिनीच्या वाटण्या, सगळं चालवतो. माझी उर्दू बहस ऐकायला बिलोली-देगलूरचे वकीलसुद्धा येऊन बसतात.

आज लोह्याच्या एका अशिलाचा निकाल होता. बांधावरच्या मारामारीचा मामला. मुन्सफसाहेबांनी उर्दूत सहा महिन्यांची कैद सुनावली. अशील हसला आणि त्यानं वाकून त्यांना हात जोडले.

मी जवळ जाऊन मराठीत सांगितलं, "बाबा, तुला सजा झाली."

त्यानं विचारलं, "मंग तुमी इतका येळ काय बोलून राहिले व्हते, वकीलसाब?"

घरी आलोय, ताट तसंच बाजूला सारलंय. निजाम सरकारच्या अदालतीत मराठी चालत नाही, मंडळी. पण मला तर येत होती ना?