मामांच्या लेकीची झोप

काळजी करण्यात आमच्या मामांचा हात धरील असा माणूस अख्ख्या कुडाळ तालुक्यात नाही, आणि असलाच तर तो त्यांच्याच घरातला असणार. त्यांचे वडील कुलूप ओढून बघायला तीनदा माघारी यायचे, मामा पाचदा येतात. आपल्या वालावल गावाहून निघून ते गाडीच्या दोन तास आधी स्टेशनवर पोचतात, आणि मग गाडी लवकर येऊन गेली तर नसेल, ही नवी काळजी करत बसतात. बांगडा खाताना घरातल्या प्रत्येकाला "काटो बघ रे" म्हणून बजावता बजावता त्यांचा स्वतःचा भात निवून जातो. एकदा मी चिडवलं, तर म्हणाले, "रगतातच आसा रे ता. आज्यापासून चलत इला."

त्यांची एकुलती एक लेक नोकरीसाठी पुण्याला निघाली, तेव्हा देवापुढे नारळ ठेवून गाऱ्हाणं घालायचं ठरलं. एकाने देवाला साकडं घालायचं आणि बाकीच्यांनी दुजोरा द्यायचा. ते काम मामांकडे दिलं, ही आमची चूक. "बा देवा म्हाराजा, घाटात गाडी उलाटत असात, तर ती सावर म्हाराजा!" "व्हय म्हाराजा!" "खोलयेत ग्यास गळत असात, तर तो बंद कर म्हाराजा!" "व्हय म्हाराजा!" मग लिफ्ट झाली, पिसाळलेले कुत्रे झाले. आम्ही हसू दाबत ओरडत होतो. पोरगी मात्र पांढरी पडत चालली होती. यातली निम्मी संकटं तिला तोवर सुचलीही नव्हती.

दीड वर्षाने ती लांबलचक रजा घेऊन परत आली. झोप लागेना, छातीत सारखं धडधडायचं. कुडाळच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "थोडा स्वभाव रक्तातून येतो, सगळा नाही. औषध मी देते. पण रोज चालणं, वेळेवर जेवण-झोप, चार माणसांत मिसळणं, हे तुमच्याच हातात आहे." परतताना मामा मला एवढंच बोलले, "रगत माझाच. नि वर गाऱ्हाण्यात मीच शिकवलंय." मला फार वाईट वाटलं, कारण 'व्हय म्हाराजा' म्हणणाऱ्यांत माझाच आवाज मोठा होता.

दुसऱ्या दिवसापासून बापलेक सकाळी तळ्याच्या काठाने चालू लागले. मामांच्या हातात काठी, छत्री आणि लख्ख उन्हातही विजेरी. संध्याकाळी भजनाला जायचं, तिथे तिने झांजा वाजवायच्या. संकटांबद्दल मात्र तिच्यापुढे अवाक्षर नाही. ती सगळी ते मला फोनवर ऐकवत.

महिन्याभराने मी दुपारचा गेलो, तर मामा पडवीत बसलेले. "चेडू झोपला," लेकीच्या खोलीकडे बघत ते हळूच म्हणाले. तीन तास झाले होते. ते उठले, तिच्या दारापर्यंत गेले आणि परत आले. "तेचो श्वास चलता मा रे? जरा हाक मारू?"

"नको मामा."

ते पुन्हा उठले, पुन्हा बसले. शेवटी दोन्ही हात त्यांनी मांडीखाली दाबून धरले.

"माझो बापूस माका असोच हाक मारून उठवी," ते म्हणाले. "जितो आसंय काय ता बघूक."

मग तिला आपणहून जाग येईपर्यंत मामा जागचे हलले नाहीत.