ड्रॉवरातले बॅज

भवानीनगरचा रविराज बारा वर्षं बारामतीजवळच्या एका वर्कशॉपात गॅमा किरण मारून लोखंडी जोडांचे फोटो काढत होता. वेल्डिंगच्या पोटातली केसाएवढी चीरही त्याच्या नजरेतून सुटत नसे. अंगाला किती किरण लागले ते मोजणारा बॅज छातीवर लावायचा नियम होता. पण आकडा वाढला की माणसाला कमी पगारावर स्टोअरमध्ये बसवत. म्हणून अवघड कामाच्या दिवशी सगळे बॅज ड्रॉवरात ठेवूनच आत जात. रीतच पडली होती.

तीन आठवड्यांपूर्वी किरण सोडणारा सोर्स, म्हणजे धातूची बारीक कांडी, नळीत अडकला. रविराज आणि त्याचा जोडीदार सिद्धू आत शिरले, चिमट्यानं ओढून तो शिशाच्या डब्यात घातला. संध्याकाळी दोघांनाही उलट्या झाल्या.

आज बारामतीच्या दवाखान्यात डॉक्टर राजनंदिनी रिपोर्टवर बोट ठेवून विचारत होत्या, "बॅजवर तर काहीच नाही. मग पांढऱ्या पेशी गेल्या कुठं? ताप येतो?"

"न्हाय मॅडम. कायच वाटत न्हाय. चव बी न्हाय, राग बी न्हाय."

"किरणांनी पेशीतला डीएनए तुटतो. तुटला की एक प्रथिन जागं होतं, ते दुसऱ्याला हाक देतं, दुसरं तिसऱ्याला. निरोप एकच, थांबा, आधी दुरुस्ती करा! नाहीच जमलं, तर पेशी स्वतः मरते. आजाराशी लढणाऱ्या पेशी त्यात सगळ्यांत हळव्या."

"म्हंजी आतल्या आत सांगावा गेला हुता."

"तुमच्यापर्यंत पोचला नाही, एवढंच. खरं सांगा, आत कोण कोण होतं?"

सिद्धूचं नाव घेतलं, तर चौकशी होणार, सगळ्यांचंच काम बंद. न घेतलं, तर सिद्धूचं रक्त कुणी तपासणार नाही.

"मी," रविराज म्हणाला. "आन् सिद्धू. बॅज ड्रॉवरात हुते. सगळ्यांचेच."

डॉक्टरांनी तिथूनच वर्कशॉपात फोन केला. रविराज एसटी स्टँडवर पोचेपर्यंत सिद्धूचा फोन आला.

"लई सत्यवान झालास व्हय रं? सगळ्यांच्या पोटावर पाय दिलास!"

"व्हय."

"लाज वाटती का जरा?"

रविराजनं मनात चाचपून पाहिलं. लाज सापडली नाही, भीतीही नाही.

"न्हाय वाटत. तू दवाखान्यात ये. रक्त तपासायला द्यायचंय."

पलीकडून शिवी आली.

"कितव्या मजल्यावर?" सिद्धूनं विचारलं.