सिनेमा मोडवरची आत्या

आमची आत्या शहर बस चालवते आणि माणसं मारते. दुसरं काम ड्युटीवरून आल्यावर, सोफ्यावर मांडी घालून, टीव्हीला जोडलेल्या व्हिडिओ गेमच्या कन्सोलवर. युनिफॉर्मचा शर्टसुद्धा बदलत नाही.

माझा दादा तोच खेळ आतल्या खोलीत कॉम्प्युटरवर खेळतो. माउस एवढासा सरकवला की त्याचा शिपाई गर्रकन मागे वळतो. आत्याला कंट्रोलरवरची दांडी अंगठ्याने रेटत रेटत वळावं लागतं. त्याच्या पडद्यावर दर सेकंदाला आत्याच्या टीव्हीच्या चौपट चित्रं उमटतात, म्हणजे कोपऱ्यावरून येणारा माणूस त्याला आधी दिसतो. कन्सोलवाल्यांना नेम धरायला खेळच जरासा हात देतो, तर दादा त्याला ‘कुबडी’ म्हणतो.

“कुबडी काढून घेतली ना आत्या, तर तुझी गोळी भिंतीलासुद्धा लागणार नाही.”

“आणि तुझा माउस काढून घेतला तर हात मोकळे होतील. तेवढीच भांडी घासून होतील.”

हे रोजचंच. पण त्या रविवारी दुपारी प्रकरण गमतीवारी नेण्यासारखं नव्हतं. आत्याच्या संघाला खुल्या स्पर्धेत उतरायचं होतं, आणि समोर सगळे कॉम्प्युटरवाले. संघाचा कॅप्टन, ज्याला आम्ही फक्त आवाजाने ओळखतो, टीव्हीच्या स्पीकरमधून घसा खाकरत म्हणाला, “ताई, राग मानू नका. कॉम्प्युटर घ्या, नाहीतर जागा सोडा. कन्सोलवर या लोकांपुढे निभाव लागत नाही.”

“कोण म्हणतं?”

“सगळेच म्हणतात.”

“सगळे माझ्या बसमध्ये बसले तरी स्टिअरिंग माझ्याच हातात असतं. घरात एक कॉम्प्युटरवाला आहे, लाव त्याला माझ्यासमोर. आधी तीन फेऱ्या जिंकेल त्याचा सामना. हरले तर जागा सोडते, बोल.”

कॅप्टन बोलला, “चालेल.”

दादाला आत्याची दया आली आणि तिथेच घात झाला. ती पाणी प्यायला उठली तेवढ्यात त्याने रिमोट उचलून टीव्हीच्या सेटिंगमध्ये डोकं खुपसलं.

“अगं, हा टीव्ही सिनेमा मोडवर आहे!” तो माझ्या कानात कुजबुजला. “बाबांनी रंग छान दिसतात म्हणून लावलेला. चित्र नटवण्यात टीव्ही वेळ घालवतो आणि आत्याला सगळं उशिरा दिसतं. इतकी वर्षं ही अशी खेळतेय?” त्याने गेम मोड लावला. “आता निदान मानाने हरेल.”

पहिली फेरी. आत्याची गोळी रिकाम्या दारातून गेली, मग दादा दारात आला, मग आत्या मेली. दुसऱ्या फेरीतही तेच.

“ताई, अहो, माणूस येऊ तर द्या!” कॅप्टनला हसू आवरेना.

आत्याने कंट्रोलर मांडीवर ठेवला. “टीव्हीला कोणी हात लावला?”

मी छताकडे बघितलं. आतून दादा ओरडला, “सुधारलाय गं! आता तुला सगळं वेळेवर दिसतं!”

“मला कुठे हवंय वेळेवर? अरे, भरलेली बस ब्रेक दाबल्या दाबल्या थांबते का? वळणावर माणूस दिसल्यावर दाबला तर तो चाकाखाली. तो दिसायच्या आधी पाय ब्रेकवर लागतो. माझा अंगठाही तसाच शिकलाय. पहिल्यासारखं कर.”

“आत्या, त्याने तू मागे पडशील!”

“मी कायम तिथूनच निघते. माझा सिनेमा लाव.”

मी लावला.

तिसऱ्या फेरीत तिने पावलांचा कानोसा घेतला, दार रिकामं असतानाच बटण दाबलं, आणि दादा गोळीवर येऊन आपटला. चौथ्यातही. मग दादा शहाणा झाला. शेवटच्या फेरीत तो भिंतीआड दबा धरून बसला. आत्याही हलेना.

“ये ना गं!” दादा आतून.

“स्टॉपवर थांबायचा मला पगार मिळतो. तू ये.”

दादाची खुर्ची करकरायला लागली. करकर वाढली, थांबली. आत्याने बटण दाबलं. आतून माउस आपटल्याचा आवाज आला.

कॅप्टन म्हणाला, “जागा तुमची, ताई. फक्त एक करा. नावाशेजारी ते कंट्रोलरचं चिन्ह येतं ना, ते लपवता येतं. समोरचे बघून हसतात.”

“चिन्ह राहणार.”

“पण ताई—”

“कोणी मारलं ते कळायला नको त्यांना?”

मग तिने टीव्हीचा रिमोट उचलला आणि युनिफॉर्मच्या खिशात घालून बटण लावलं. दुसऱ्या दिवशी रिमोट ड्युटीवर गेला. बाबा संध्याकाळपर्यंत एकच चॅनल बघत बसले.