अंदाज बांधायची बंदी

आमच्या हॉलमधला कॉम्प्युटर आधी इतका मठ्ठ नव्हता. बटण दाबलं की निमूट सुरू व्हायचा. मग कधीतरी एक अपडेट आला आणि त्याचं अंगच जड झालं. फोटो उघडायला वेळ, बँकेचं पान उघडायला वेळ, आणि लेकीचा व्हिडिओ कॉल आला की तिचा चेहरा अर्ध्या हसण्यावर अडकून बसायचा. दुरुस्तीवाला म्हणाला, जुना झालाय, टाकून नवा घ्या. मला असा राग आला! जुनं झालं की टाका, हे काय बोलणं झालं? मीही शाळेतून निवृत्त झालेली गणिताची बाईच आहे.

लेक बेंगळुरूला असते, आणि तिची नोकरी नेमकी ह्याच दुखण्याची. प्रोसेसरला चोरांपासून संरक्षण दिलं की तो किती मंदावतो, ते मोजायचं. म्हणजे घरभेदी आपल्याच घरात निघाली, असं मी तिला चिडवलं. मग तिनं समजावून सांगितलं, थोडं घरच्या मराठीत, थोडं आमच्या इथल्या तमिळमध्ये, उरलेलं इंग्रजीत. प्रोसेसर म्हणे पुढं काय लागेल त्याचा अंदाज बांधतो आणि कुणी सांगायच्या आधीच काम करून ठेवतो. अंदाज बरोबर आला तर वेळ वाचतो, चुकला तर केलेलं टाकून देतो. पण टाकून दिलं तरी खुणा मागं राहतात, आणि त्या खुणांवरून एखाद्या लबाडाला आतली गुपितं काढता येतात. म्हणून आता जिथं धोका, तिथं अंदाज बांधायला बंदी. आधी खात्री, मग काम. जुन्या मशीनला हे जास्त जड जातं.

मी म्हटलं, काढून टाक ती बंदी, आमच्या घरात कसली आलीत गुपितं? तर म्हणाली, अप्पांचं पेन्शन, बँकेचा पासवर्ड, सगळं त्यातच आहे, मुळीच काढायची नाही. तिचे अप्पा म्हणजे इथं जवळच्याच ओरत्तनाडू गावच्या सरकारी कचेरीत जन्म काढलेला माणूस. त्यांनी लगेच मान डोलावली. बापलेकीचं एकमत झालं की माझं कोण ऐकतं?

खरं सांगायचं तर अंदाज बांधून आधीच काम करून ठेवायचं, ही माझीही खोड. शनिवार-रविवारला सुट्टी जोडून आली की लेक येणार, असं मी धरूनच चालायची. ती नुसतं 'बघते' म्हणायची आणि मी तेवढ्यावर मनात मांडे खायची. तिला तोंडी लावायला डांगर पच्चडी लागते, म्हणून उडीद भाजून दळायचे, दही लावायचं. तिच्या खाटेवरची चादर बदलायची. गावातल्या जुन्या राजवाड्याजवळच्या फुलवालीकडून गजरा आणायचा. ह्यांच्या मागं लागून स्कूटरमध्ये पेट्रोल भरून घ्यायचं, पहाटे बसस्टँडवर आणायला जायला नको का? ती आली की मला स्वर्ग दोन बोटं उरायचा. नाही आली तर पच्चडी आम्ही दोघं खायचो, गजरा देवाला वाहायचा, आणि तिच्यापाशी ह्यातलं अक्षर काढायचं नाही, असा मी घरात दंडकच घातला होता.

अशाच एका जोडसुट्टीच्या सकाळी तिचा कॉल आला. काम निघालं अम्मा, येता नाही आलं. मी म्हटलं, बरं झालं, मी कुठं तुझी वाट बघत होते? माझ्या मागं, जेवायच्या टेबलावर, तीन केळीची पानं पुसून मांडलेली होती. आरशाच्या खिळ्याला गजरा लटकत होता. आणि आमच्या मठ्ठ मशीननं नेमकं तेच चित्र तिच्या पडद्यावर धरून ठेवलं. पोर हुशार, शिवाय असल्या खुणा ओळखणं हाच तिचा पोटापाण्याचा उद्योग. काम आहे म्हणून कॉल बंद केला.

त्यानंतर ऑफिसातलं शहाणपण तिनं घरी आणलं. येणार असली तरी आधी सांगेना. बस सुटली की मगच फोन. मी सुट्टीचा विषय काढला की बोलणं भलतीकडं न्यायची. अम्माला उगीच धावपळ नको, नंतर वाईट वाटायला नको, असं तिनं अप्पांना सांगितलं होतं. मायेपोटीच केलं तिनं, मला का कळत नाही? पण माझे दिवस पार सुने झाले हो. पूर्वी ती घरी कधीमधी यायची, पण मनात रोज यायची. उडीद भाजताना यायची, फुलवालीशी घासाघीस करताना यायची. आता आली की येते, गेली की गेली. मधल्या दिवसांत करायचं काय? वाट बघायलाही मिळेना, ह्यानं मी आतल्या आत झुरत होते. ह्यांना म्हटलं तर म्हणाले, तिला त्रास नको म्हणून गप्प बस.

परवाच्या रविवारी मात्र गप्प बसवेना. ती विचारत होती, कॉम्प्युटर अजून अडकतो का, नवा पाठवू का. मी म्हटलं, राहू दे, मला दुसरंच काही हवंय.

"येणार नसलीस ना, तरी येते म्हणत जा."

"आणि नाही आले तर? रडत बसशील, अम्मा."

"बसेन की. नुसतं बसण्यापेक्षा बरं ते."

पडद्यावर तिचा चेहरा थांबला. मशीन अडकलं की पोर, काही कळेना. मग आवाज आधी आला, चेहरा मागून.

"पुढच्या शुक्रवारी येते," ती म्हणाली.

खरंच का, असं मी विचारलं नाही.